वेदना आणि विश्वास

ओटीपोटांतील जें दुखणें सहा महिन्यांहून अधिक टिकतें, त्यास वैद्यक जुनाट म्हणतें. घरचीं माणसें मात्र ‘बाईच्या जातीला हें सोसावेंच लागतें’ म्हणून बोळवण करितात. अशी उपेक्षित स्त्री नवी मुंबईंत ओझोनचिकित्सेची जाहिरात पाहून तिकडे वळली, तर तिला भोळी म्हणण्याचा अधिकार आम्हांस नाहीं. १८४० सालीं शोनबाइननें ओळखलेला हा वायु फुप्फुसांस अपायकारक आहे. अमेरिकेच्या औषधनियामक खात्याचा नियम त्यास ज्ञात वैद्यकीय उपयोग नसलेला विषारी वायु म्हणतो. तेव्हां पुरेशा पुराव्यावांचून आशा विकणें हा दोषच होय. परंतु त्या विक्रीस गिऱ्हाईक मिळवून देतो तो आमच्याच घरांतला अविश्वास. वेदना खरी मानणें आणि उपाय पारखून घेणें, हीं दोन्ही कर्तव्यें एकाच करुणेचीं आहेत.