मोळी, आंघोळ आणि विठोबाचं दार

साने गुरुजींना ‘रडके लेखक’ म्हणून निकालात काढणं मराठी वाचकाला फार सोपं जातं. लहानपणी ‘श्यामची आई’ वाचून डोळे पुसायचे आणि मोठेपणी त्या रडण्याची थोडी लाज वाटून घ्यायची, असा रिवाजच पडला आहे. पण त्यातली एक गोष्ट जाणत्या वयात पुन्हा वाचली, तर रडू येण्याऐवजी माणूस अडखळतो.

एका अस्पृश्य म्हातारीची लाकडाची मोळी रस्त्यात पडते. म्हातारी थकलेली, एकटीने ती डोक्यावर घेणं तिच्या आवाक्यातलं नाही. पण तिला शिवायचं कुणी? श्यामची आई मुलाला सांगते, जा, मोळी उचलून दे आणि घरी येऊन आंघोळ कर.

आंघोळ! कोकणातल्या ब्राह्मण घरातल्या बाईने त्या काळात एवढं करणंही धाडसाचंच होतं. तरी मदत करून आल्यावर जी अंगावरून धुऊन काढावी लागते, ती दया कसली, हा प्रश्न सुटत नाही. आईला देवी करण्याच्या भरात गुरुजींना ती आंघोळ सहज गाळता आली असती. त्यांनी ती राहू दिली. आईवरच्या प्रेमाइतकाच हा प्रामाणिकपणाही त्यांच्या लेखनाचा विशेष आहे, आणि त्याचं कौतुक फारसं होत नाही.

हे पुस्तक फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिलं गेलं. त्याच नाशिकमध्ये २ मार्च १९३० पासून डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली काळाराम मंदिराचा सत्याग्रह चालू होता. गजाआड एक लेखक आईची करुणा आठवत होता आणि बाहेर माणसं कुणाची दया न मागता हक्काने दारात उभी होती. दार काही उघडलं नाही. १९३५ मध्ये येवल्याला बाबासाहेबांनी हिंदू म्हणून मरणार नसल्याची घोषणा केली. सवर्णांच्या हृदयपरिवर्तनाची वाट पाहण्याचा त्यांचा संयम तोवर संपला होता, आणि ते रास्तच होतं.

गुरुजी पंढरपूरला पोचले ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. चोखामेळ्याची समाधी विठोबाच्या महाद्वारासमोर, बाहेर. जिवंतपणी आत न घेतलेल्या संताचे अभंग वारकरी गातात आणि त्याच्या जातभाईंना मात्र पायरीवर थांबवतात, ही विसंगती गुरुजींना सोसवेना. १९४६ च्या कार्तिकीला ते उपोषणालाच बसणार होते. सेनापती बापटांच्या आग्रहामुळे ते पुढे ढकललं आणि गुरुजींनी महिनोन् महिने महाराष्ट्र पालथा घातला. गावोगावी सभा झाल्या, अनेक देवळं आणि पाणवठे खुले झाले. पंढरपूरचे पुजारी बडवे मात्र हलेनात.

१ मे १९४७ ला तनपुरे महाराजांच्या मठात उपोषण सुरू झालं. ते सोडावं म्हणून खुद्द गांधीजींनी तार केली. बापूंवर निस्सीम श्रद्धा असलेल्या या भक्ताने या वेळी बापूंचंही ऐकलं नाही. ज्याला हळवा म्हणून हिणवायचं, त्याचा हा हट्ट! अखेर मंदिर सर्वांना खुलं करण्याचं ठरलं आणि १० मे रोजी उपोषण सुटलं.

उपोषण म्हणजेही एक प्रकारची जबरदस्तीच, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला आणि तो अगदीच पोकळ नाही. समोरच्याचं मन वळवण्यासाठी स्वतःचा जीव टांगणीला लावला की समोरच्याकडे निवड कितीशी उरते? पण पिढ्यान् पिढ्या पायरीवर थांबवलेल्यांना कुणी कधी निवड दिली होती? दयाळू माणसाने सगळ्यांशीच गोड वागावं, ही अपेक्षा त्याच्यापेक्षा बडव्यांच्या सोयीची. म्हातारीची मोळी उचलताना कुणाशी भांडावं लागलं नसतं, तर ती एवढा वेळ रस्त्यात पडून राहिलीच नसती.

११ जून १९५० रोजी, वयाच्या पन्नासाव्या वर्षी, गुरुजींनी स्वतःच आयुष्य संपवलं. इतरांवर एवढी माया करणाऱ्याने स्वतःला ती का दिली नाही, याची उत्तरं अनेकांनी शोधली. ती सगळी अपुरी वाटतात.

विठोबाच्या गाभाऱ्यातला पूजेचा मान मात्र नंतरही बडवे-उत्पातांकडेच वंशपरंपरेने राहिला. तो संपवणारा कायदा १९७३ चा. त्यावर सर्वोच्च न्यायालयाचं शिक्कामोर्तब व्हायला २०१४ उजाडलं, आणि त्याच वर्षी मंदिर समितीने पुजारीपदासाठी सर्व जातींच्या स्त्री-पुरुषांकडून अर्ज मागवले.