पुड्यावरील हिरवा ठिपका

विरारच्या मनवेलपाड्यात आमच्या शेजारी राहणाऱ्या एक वृद्ध बाई परवा दुपारी आमच्याकडे चहास आल्या होत्या. बशीतील बिस्कीट उचलण्यापूर्वी त्यांनी विचारले, "प्रोफेसर, यात प्राण्याचे काही नाही ना?" "छे, मुळीच नाही, काकू," असे म्हणून आम्ही मोकळे झालो. त्यांनी बिस्कीट खाल्ले. त्या गेल्यावर मात्र मनास टोचणी लागली की, जे आपण कधी तपासले नाही त्याची ग्वाही कोणत्या आधारावर दिली?

बिस्किटावरून धर्मसंकट उभे राहण्याची महाराष्ट्रात ही काही पहिली वेळ नव्हे. १८९० साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये रानडे, टिळक आदी मंडळींपुढे चहा-बिस्किटे आली. त्यांची नावे वर्तमानपत्रात झळकली, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले व कित्येकांस प्रायश्चित्त घ्यावे लागले. त्या गदारोळात बिस्किटात काय घातले आहे यापेक्षा ते कोणाच्या घरचे आहे, हाच प्रश्न मुख्य होता. आजचा पुडा यंत्र भाजते व यंत्रच गुंडाळते. त्यास सोवळे कोण विचारणार? प्रश्न हातावरून जिन्नसावर आला, व ही आमच्या मते प्रगतीच होय. जातीचा विटाळ मानण्यापेक्षा मुक्या जिवाची कणव बाळगणे केव्हाही श्रेयस्कर.

चष्मा लावून आम्ही पुडा वाचावयास घेतला. गव्हाचे पीठ, साखर, पामतेल, येथवर ठीक. मग दुधाची भुकटी. आणि त्यापुढे नुसता आकडा, पायसीकारक ४७१. तेल व पाणी एकजीव राखणारा हा पदार्थ स्निग्धाम्लांपासून करतात, आणि ती पामतेलातून मिळतात तशीच जनावराच्या चरबीतूनही मिळतात. आकडा त्याविषयी मौन पाळतो. घटकाचा उगम वनस्पती, प्राणी की प्रयोगशाळा हे आकड्याआड न लपविता छापावे, असे दिल्लीच्या उच्च न्यायालयाने २०२१ साली बजावले ते याचसाठी. पुड्यावर हिरवा ठिपका होता, आणि चरबी वा अंडे असल्यास कायद्याने तो लावता येत नाही. आमची ग्वाही त्या अर्थी खरी ठरली. पण तिच्या खरेपणाचे श्रेय ठिपक्याचे, आमचे त्यात काहीच नव्हते.

हे समाधानही टिकले नाही. काकूंची कॉलेजात शिकणारी नात दूधदेखील वर्ज्य मानते. ती आम्हांस म्हणाली, "सर, मांसाहाराच्या व्याख्येतून कायद्याने दूध वगळले, म्हणून ते गाईचे नाही का राहिले?" वासरू पिऊन उरलेले दूध माणसाचे, असे आमच्या लहानपणी सांगत, ते आम्ही तिला ऐकविले. "आणि वासरू नर निघाले तर, सर?" एवढेच तिने विचारले. पुढे आमच्याजवळ बोलण्यासारखे नव्हते. २०२२ साली सरकारने दूधही वर्ज्य असलेल्या अन्नासाठी निराळे चिन्ह ठरविले, म्हणजे तिचा प्रश्न कायद्यासही सुचला होता. आम्हांस मात्र पन्नाशी उलटेपर्यंत सुचला नाही, याची लाज वाटते.

गेल्या रविवारी काकू पुन्हा आल्या. आम्ही बशीऐवजी पुडाच पुढे ठेवला, शेजारी आपला चष्माही ठेवला, व दुधाची गोष्ट सांगितली. "दूध तर मी पितेच हो," त्या म्हणाल्या. पुडा त्यांनी उलटून पाहिला नाही. "बाकीचे तुम्ही सांगितले होते ना परवा," असे म्हणून त्यांनी बिस्कीट चहात बुडविले.