दुरून पाहिलेली पृथ्वी

आदिलाबादहून नागपूरकडे जाणारा हमरस्ता पैनगंगेचा पूल ओलांडून विदर्भात उतरतो, त्या ठिकाणी घटकाभर उभे राहिले म्हणजे अलीकडची कपाशीची काळी जमीन आणि पलीकडची कपाशीची काळी जमीन यांत डोळ्यांना कसलाही भेद जाणवत नाही. भेद असतो तो पाटीवरच्या लिपीत आणि दप्तरातल्या नोंदीत. ती नोंदही स्थिर राहिलेली नाही. निजामाच्या अमलात 1905 साली आदिलाबाद हा स्वतंत्र जिल्हा झाला, 1956 च्या राज्यपुनर्रचनेत राजुरा आणि किनवटकडचा मुलूख त्यातून निघून मुंबई राज्यात गेला, आणि 2016 साली उरलेल्याचेही चार जिल्हे झाले. कागद पालटत गेले, नदी मात्र वर्धेला भेटण्यासाठी पूर्वीच्याच वाटेने वाहत राहिली. म्हणूनच अंतराळातून पृथ्वी पाहून आलेल्या प्रवाशांची दृष्टी पालटते असे वाचले, तेव्हा या सरहद्दीवर राहणाऱ्या मला नवल वाटण्याऐवजी जुनी ओळख पटल्यासारखे वाटले.

पृथ्वी दुरून पाहण्याची कल्पना अंतराळयानाहून फार प्राचीन आहे, परंतु तिचा आशय मात्र आरंभी अगदी वेगळा होता. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकात रोमच्या सिसेरोने एका स्वप्नाचे वर्णन केले. त्यात आकाशात नेलेल्या सिपिओ या रोमन सेनानीला पृथ्वी इतकी क्षुद्र दिसते, की तिच्यावरील बिंदुमात्र रोमन साम्राज्याची त्याला लाज वाटू लागते. या दर्शनाचे फळ म्हणजे वैराग्य: जे इतके लहान, त्याचा मोह कशासाठी धरावा? पुढे 1634 साली, मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ज्योतिर्विद केप्लरने चंद्रवासीयांच्या आकाशात ही पृथ्वी फिरताना दाखविली, पण त्याचे प्रयोजन ती चल आहे हे पटविण्याचे होते. पृथ्वी आता उपदेशाचा दृष्टांत न राहता अभ्यासाचा विषय झाली.

या अभ्यासाची एक खूण आमच्या उत्तरेस, हिंगणघाटला आहे. 1802 साली मद्रासहून त्रिकोणमितीच्या मोजणीस प्रारंभ करणारा विल्यम लॅम्ब्टन हा टेकडीवरून टेकडीचा वेध घेत, त्रिकोणास त्रिकोण जोडीत, दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत होता. 1823 च्या जानेवारीत हिंगणघाट येथे त्याला मृत्यूने गाठले आणि तिथेच त्याची कबर आहे. या मोजणीने कंपनी सरकारला मुलखाचे नकाशे मिळाले हे खरे, परंतु तिचा एक हेतू पृथ्वीच्या गोलाईचे माप घेण्याचाही होता. जी पृथ्वी एका दृष्टिक्षेपात दिसत नव्हती, ती माणसाने कोन मोजून, गणिताने आकळली.

पाहणे अद्याप बाकी होते. आपल्या जयंत नारळीकरांचे केंब्रिजमधील गुरू फ्रेड हॉइल यांनी 1948 च्या सुमारास असे भाकीत केले होते की, पृथ्वीचे बाहेरून घेतलेले छायाचित्र हाती येताच एक नवी आणि प्रबळ कल्पना जगात मोकळी होईल. 24 डिसेंबर 1968 रोजी ते खरे ठरले. अपोलो-8 हे अंतराळयान चंद्राभोवती फिरत होते, त्यातील प्रवाशांना चंद्राच्या पृष्ठभागाची छायाचित्रे घेण्याचे काम नेमून दिलेले होते, आणि अकस्मात खिडकीत, करड्या क्षितिजावर, निळी पृथ्वी वर येऊ लागली. त्यांपैकी विल्यम अँडर्स यांनी घाईघाईने रंगीत फीत मागितली, सोबत्याने ती शोधून दिली, आणि चित्र टिपले गेले. चंद्र शोधावयास जाऊन आम्हांला पृथ्वीचाच शोध लागला, अशा आशयाचे उद्गार अँडर्स यांनी पुढे काढले.

कल्पनेचा प्रवाह वळला तो इथे. सिपिओला लहान दिसलेली पृथ्वी त्याज्य वाटली होती. अपोलोच्या प्रवाशांना लहान दिसलेली तीच पृथ्वी, सभोवारच्या त्या निर्जीव काळोखात रंग असलेली एकच वस्तू म्हणून, जपण्याजोगी वाटली. लहानपणाने एकदा वैराग्य शिकविले, दुसऱ्यांदा ममता. पृथ्वीभोवतीचे वातावरणाचे कवच किती पातळ आहे, हे कक्षेतून पाहणाऱ्यांनी पुनःपुन्हा सांगितले आहे. आणि प्रवाशांच्या अशा निवेदनांचा धांडोळा घेऊन लेखक फ्रँक व्हाइट यांनी 1987 साली या मनःपरिवर्तनाला ‘ओव्हरव्ह्यू इफेक्ट’ हे नाव दिले. आपण त्यास समग्रदर्शन म्हणावे.

आपल्या देशात हा अनुभव प्रथम आला तो राकेश शर्मा यांना. हैदराबादेत शिकलेला आणि 1966 साली खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत दाखल झालेला हा वैमानिक 3 एप्रिल 1984 रोजी सोयूझ टी-11 मधून निघाला आणि जवळजवळ आठ दिवस अंतराळात राहिला. भारतभूमीची छायाचित्रे घेणे हे त्याच्या कामगिरीचे एक प्रमुख अंग होते. त्यांच्यानंतर 2025 साली अंतराळात गेलेल्या शुभांशु शुक्ला यांनी वरून सरहद्द दिसत नसल्याचे आवर्जून सांगितले.

तथापि येथे एका सत्याकडे डोळेझाक करता येणार नाही. भारत-पाकिस्तान सरहद्दीवरील प्रखर दिव्यांची नारिंगी रेषा रात्री अंतराळातूनही दिसते. म्हणजे उंची ही सरहद्द पुसून टाकीत नाही. ज्या सरहद्दीवर माणूस भीतीने रात्रभर दिवे जाळतो, ती चारशे किलोमीटरांवरूनही लपत नाही. त्याच उंचीवरून टेहळणी करणारे उपग्रहही फिरतात. समग्रदर्शन हे यंत्राचे दान असते, तर ते प्रत्येक यंत्राबरोबर सर्वांना लाभले असते. ते लाभते पाहणाऱ्याच्या अंतःकरणास. ज्ञानेश्वरांनी तेराव्या शतकात अखिल विश्वासाठी प्रसाद मागितला, तेव्हा त्यांच्या पायाखाली नेवाशाचीच जमीन होती.

म्हणून वाचकांस एकच विनंती. कधी नदीकाठी उभे राहाल तेव्हा पलीकडचा तीर परका मानण्यापूर्वी त्या पाण्याची वाट मनाने पाहा: अजिंठ्याच्या डोंगरात उगम, वर्धेशी संगम, मग प्राणहिता, मग गोदावरी आणि शेवटी समुद्र. आदिलाबादच्या काठावर ओंजळीत घेतलेले पैनगंगेचे पाणी कोणत्या राज्याचे, हा प्रश्न दप्तरात रास्त आहे, ओंजळीत नाही.