उसना श्वास

पाहणे ही नैतिकदृष्ट्या तटस्थ कृती आहे, असे आपण सहसा गृहीत धरतो. यंत्र दाखवते, डोळा पाहतो. बरेवाईट जे काही घडते ते त्यानंतर. महाराष्ट्राचा अनुभव याहून निराळा आहे. गर्भजल परीक्षेचा उपयोग मुलींचे गर्भ हुडकून काढण्यासाठी होऊ लागला, तेव्हा स्त्री-संघटनांच्या आंदोलनानंतर १९८८ मध्ये या राज्याने त्याविरुद्धचा देशातील पहिला कायदा केला; १९९४ मध्ये केंद्राचा कायदा आला. पुढे सोनोग्राफी गावोगावी पोहोचली. सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे १९९१ मध्ये राज्यात ९४६ मुली होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ उरल्या. पाहण्याआधीच प्रश्न ठरलेला होता; यंत्राने केवळ उत्तर दिले.

या यंत्रांना आता वेगळा प्रश्नही विचारता येतो : गर्भाला प्राणवायू पुरेसा मिळतो आहे का? तो कमी पडू लागला की गर्भ मेंदूकडे अधिक रक्त वळवतो. सोनोग्राफीतील डॉप्लर तंत्राला हा बदल टिपता येतो. प्राणवायू गमावलेल्या हिमोग्लोबिनचे चुंबकीय गुणधर्म बदलतात आणि त्याचे चित्र घेता येते, हे सेइजी ओगावा यांनी १९९० मध्ये दाखवले. त्या आधारावर वारेतील व गर्भातील प्राणवायू एमआरआयने अजमावण्याचे संशोधन चालू आहे. नित्य उपचारात ते अद्याप रुळलेले नाही.

या दोन प्रश्नांतील अंतर केवळ वैद्यकीय नाही. मुलगा की मुलगी, हे विचारताना आई चित्राच्या चौकटीबाहेर राहते. प्राणवायूविषयी विचारताना ती बाहेर ठेवताच येत नाही, कारण गर्भाचा श्वास उसना आहे. तो वारेवाटे आईच्या रक्तातून येतो. आणि ते रक्त कसे आहे? २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशातील निम्म्याहून अधिक गर्भवती रक्तक्षयी आहेत. बंगळूरच्या पीण्या औद्योगिक क्षेत्रात कपडे शिवणाऱ्या कारखान्यांतून प्रामुख्याने स्त्रियाच राबतात. अशा स्त्रीला प्रसूतीपूर्वीच्या ठरावीक काळात फार वेळ उभे राहण्याचे काम देऊ नये, असे १९६१ चा प्रसूतिलाभ कायदा सांगत असे. मात्र तिने तशी विनंती केली तर. रोजच्या ठरलेल्या नगांपुढे ती विनंती उच्चारणे किती जड असेल, हे सांगायला कोणतेही यंत्र नको.

येथे एक आक्षेप रास्त आहे. गर्भाचा श्वास मोजू लागलो, तर प्रत्येक उणिवेचा ठपका आईवरच येणार नाही का? आईला अपराधी ठरवण्यासाठी पाहिले, तर तेच होईल. म्हणून अधिक पाहावे की कमी, हा खरा वाद नव्हे. जे दिसले त्याचे दायित्व कोणावर, हा खरा वाद आहे. उसन्या श्वासाचे ऋण एकट्या आईच्या नावावर मांडता येत नाही. तिच्या ताटात काय पडते आणि तिला विसावा किती मिळतो, हे ठरवणारे घर, कारखाना आणि शासन हे सारेच तिचे सहऋणको आहेत.