चक्का टांगल्यावर

रात्रीची जेवणं आटोपली, ओटा पुसून झाला, की सुती फडकं ओलं करून घट्ट पिळा आणि चाळणीवर पसरा. त्यात अर्धा लिटर दही ओता. चारी टोकं उचला, गाठ मारा, नळाला टांगा, खाली पातेलं सरकवा. हात धुवा. आता तुमच्याकडे काम उरलेलं नाही. स्टूल ओढून बसा.

ऐका. आधी बारीक धार आहे, मग थेंब. दोन थेंबांमधलं अंतर वाढत जाईल. एका अंतरात एक श्वास मावू लागला, की पातेल्यात डोकावा. पाणी पांढरं नाही, हिरवट पिवळं आहे. ब जीवनसत्त्वातल्या रायबोफ्लेविनचा हा रंग. दह्यात तो सगळा वेळ होताच, पांढऱ्याआड दिसत नव्हता. हे पाणी फेकू नका, उद्या थालीपिठाच्या पिठात जाईल.

श्रीखंड करायचं असतं तर रात्रभर टांगलं असतं. आपल्याला पेल्यात थर लावायचे आहेत. दोनेक तास पुरे. चमच्यावरून सावकाश ओघळेल इतपतच घट्ट. मग फ्रीजमध्ये.

या प्रकाराला पार्फे म्हणतात. फ्रेंच शब्द, अर्थ ‘परिपूर्ण’. फ्रान्समधला पार्फे अंड्याचा बलक, पाक आणि क्रीम गोठवून करतात. दही-फळांचा उंच पेला ही अमेरिकेची रीत. आपल्या आज्यांनी कुठल्याही पदार्थाला असं नाव ठेवलं नसतं. दृष्ट लागली असती!

सकाळी स्ट्रॉबेरी घ्या. महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण तुमच्या हातातली एकच फोड आत्ता महत्त्वाची. आतला फिका गाभा, बाहेर दाट होत गेलेला लाल. फोडींवर चमचाभर साखर भुरभुरा आणि ढवळू नका. हात मांडीवर ठेवून नुसतं बघा. साखरेचा दाणा ओला होतो, कडेने विरघळतो, फोडीतलं पाणी बाहेर ओढतो. दहा मिनिटांत वाटीच्या तळाशी लाल रस. रात्री दह्यातून पाणी आपण काढलं, इथे साखरेने.

अननस घालायचा मोह होईल. मी एकदा कच्चा घातला होता, पाहुण्यांसाठी, आदल्या रात्री. सकाळी दही कडू! अननसातलं ब्रोमेलिन दुधातल्या प्रथिनांचे तुकडे करतं. घालायचाच असेल तर फोडी चांगल्या शिजवून गार करा.

आता काचेचा पेला. तळाशी रसासकट स्ट्रॉबेरी. त्यावर दही, मधोमध नाही, कडेकडेने, चमचा काचेला टेकवत. पेला ओट्यावर हलकेच आपटा. अडकलेली हवा वर येईल. पुन्हा फोडी, पुन्हा दही. काचेवर नजर ठेवा: रेषा सरळ येणारच नाही. कुठेतरी लाल ओघळ पांढऱ्यात शिरतोय. त्याला पुसू नका.

राजगिऱ्याच्या लाह्या अगदी शेवटी, पहिला चमचा घ्यायच्या क्षणी. त्या पाणी पितात आणि काही मिनिटांत मऊ पडतात. म्हणून घरातल्यांना आधी हाक मारा. सगळे बसले? मग मूठभर लाह्या वरून सोडा, चमचा तळापर्यंत न्या, आणि तो वर येईपर्यंत कुणी बोलू नका. लाह्या अजून कुरकुरत असतील.