झाकून ठेवणे आणि खोटे बोलणे

राजा परांजपे ह्यांचे नाव निघाले की आपल्या पिढीला प्रथम 'लाखाची गोष्ट' आणि 'पेडगावचे शहाणे' आठवतात. दोन्ही चित्रपट १९५२ मधले, दोन्ही हसवणारे. ह्याच दिग्दर्शकाने १९६४ मध्ये जयंत देवकुळे ह्यांच्या 'आशा परत येते' ह्या कादंबरीवरून 'पाठलाग' हा रहस्यपट काढला, आणि दोनच वर्षांनी राज खोसला ह्यांनी त्यावरून हिंदीत 'मेरा साया' केला.

गेल्या दिवाळीत गोरव्यातील घरी नातवाबरोबर 'पाठलाग' पुन्हा पाहिला. पत्नीला डोळ्यांदेखत गमावलेला वकील, आणि 'मीच तुमची पत्नी' असे भर न्यायालयात सांगणारी, पोलिसांनी पकडलेली स्त्री. मेली ती जुळी बहीण होती. (ज्यांनी पाहिला नसेल त्यांची क्षमा मागतो, साठ वर्षांनंतर एवढा अपराध माफ असावा.) नातू अधूनमधून विचारत होता, मी गप्प होतो. शेवटी तो म्हणाला, "आजोबा, माहीत असून तुम्ही मला फसवलंत!"

खरेच फसवले का? कॅमेऱ्याने खोटे काहीच दाखवले नव्हते. वकिलाने जे पाहिले तेच आपण पाहिले. चूक झाली ती अर्थ लावण्यात. हिचकॉकचा मार्ग निराळा. टेबलाखाली बॉम्ब आहे हे प्रेक्षकाला आधी सांगावे, मग पात्रांना निवांत गप्पा मारू द्याव्यात, असे तो म्हणे. 'व्हर्टिगो'मध्ये (१९५८) त्याने रहस्य शेवटाच्या बरेच आधी प्रेक्षकापुढे उघडे केले. आपण जाणतो, नायक जाणत नाही, आणि त्याच्याकडे पाहणे असह्य होते. मला वाटते, नीतीचा खरा प्रश्न ह्या असह्यतेत आहे. चित्रपटगृहातील अंधार प्रेक्षक पैसे देऊन, आपखुशीने घेतो. दोन-तीन तासांनी दिवे लागणार हे त्याला ठाऊक असते. ज्याचे स्वतःचे आयुष्य टांगणीला लागले आहे त्याने असा करार कोणाशीच केलेला नसतो.

सरकारी नोकरीत गोपनीयता हा धर्मच मानला जातो, आणि तो आवश्यकही आहे. परंतु एक प्रसंग आजही सलतो. एका सहकाऱ्यावर खातेनिहाय चौकशी चालली होती. अहवालात ते निर्दोष ठरले होते. तो मी वाचला होता, पण आदेश निघण्यास चार महिने लागले. दर सोमवारी ते माझ्या टेबलाशी येऊन उभे राहत आणि मी सांगे, "फाईल वर गेली आहे." ह्यातले अक्षरही खोटे नव्हते. तुमची काळजी मिटेल, एवढे सूचित केले असते तर कोणता नियम मोडला असता? तेव्हा मोडला असता असे वाटले. आज तसे वाटत नाही.

आदेश हाती आल्यावर त्यांनी तो दोनदा वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि मला एवढेच विचारले, "अहवालाची तारीख काय होती?"

मी तारीख सांगितली.