माऊलीचा तुटलेला हात



पवित्र मरियेच्या जन्माचा सण ८ सप्टेंबरला. पुढच्या रविवारी बांद्र्याची जत्रा सुरू होते आणि आपल्या धर्मग्रामातूनही पुष्कळ जण मोतमाऊलीच्या डोंगरावर जातात. रांगेत उभे असताना या वेळी जरा मान वर करून ती वास्तू पाहा.

आजचे मंदिर १९०४ सालचे, नवगॉथिक शैलीतले. गोल कमान वजन बाजूला ढकलते, म्हणून भिंती जाडजूड लागतात. टोकदार कमान तेच वजन अधिक सरळ खाली उतरवते, त्यामुळे भिंती उंच नेता येतात, खिडक्या मोठ्या ठेवता येतात. बाराव्या शतकात पॅरिसजवळ सेंट डेनिसचे मठाधिपती सुजेर यांनी या शैलीची सुरुवात केली ती मंदिरात उजेड यावा म्हणून. (आपले सी.एस.एम.टी. स्टेशनही याच शैलीच्या पुनरुज्जीवनातले, पण तिथे वर बघायला सवड कोणाला!)

वास्तुविशारद होते शापूरजी चंदाभॉय. नाव पारशी आहे, हे लक्षात घ्या. १८४५ मध्ये खुला झालेला माहीमचा कॉजवे लेडी अवाबाई जीजीभाई यांच्या देणगीतून झाला. त्यामागे माऊलीचा नवस होता, असे लोक सांगतात.

मूर्ती मंदिराहून कितीतरी जुनी. सोळाव्या शतकात येशूसंघीय धर्मगुरूंनी ती पोर्तुगालहून आणली. १७०० साली अरब चाच्यांनी हातातल्या सोनेरी वस्तूच्या लोभाने तिचा उजवा हात तोडला, असे परंपरा सांगते. पुढे मराठे व पोर्तुगीज यांच्या युद्धात प्रार्थनास्थळही पडले. ते १७६० च्या सुमारास पुन्हा उभे राहिले. १९५४ मध्ये, मरियावर्षात, त्याला बॅसिलिकेचा मान मिळाला.

"फादर, ते लोक कशाला आपल्या रांगेत?" असे मला दरवर्षी कोणीतरी विचारते. उत्तर देण्याचा अधिकार मला फारसा नाही. काही वर्षांपूर्वी त्या रांगेत माझ्यापुढे कुंकू लावलेली एक बाई होती. हातात मेणाचा हात. सुनेचा हात भाजला होता, म्हणाली. माझा झगा पाहून ती बाजूला सरली. "फादर, तुम्ही पुढं व्हा." पुढची मिस्सा गाठायची होती. मी पुढे झालो. वेदीजवळ पोहोचून मागे पाहिले, तर गर्दीत ती दिसेना.

तुमचा धर्मगुरू